परक्याचा पैसा आणि कामगाराचा हक्क

कामगार चळवळीचा इतिहास आपण बहुधा पुढाऱ्यांच्या नावांनी आणि संपांच्या सालांनी सांगतो. कोणता संप कधी झाला, किती दिवस चालला, गोळीबारात किती गेले, हे जुन्या मंडळींना अजून तोंडपाठ आहे. पण या चळवळीला लागणारा पैसा कुठून आला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गिरणीच्या गेटावर उभं राहून वर्गणीची पावती फाडणारा युनियनचा माणूस आपल्या लक्षात असतो. त्याच्या पलीकडचा हिशेब आपण पाहिलेला नसतो.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत गरीब देशांतल्या कामगारांच्या हक्कांसाठी श्रीमंत देशांच्या सरकारांनी कोट्यवधी डॉलर दिले. या पैशाला अनुदान म्हणतात. त्यातून बालकामगारांसाठी शाळा निघाल्या, कारखाने तपासायला तपासनीस नेमले गेले, मालक-कामगारांचे तंटे सोडवायला लवाद उभे राहिले. आणि मार्च २०२५ मध्ये त्यातला एक मोठा ओघ एका फटक्यात आटला. अमेरिकेच्या श्रमखात्याने परदेशातल्या कामगारांसाठी चालू असलेली आपली अनुदाने सरसकट रद्द केली. हा पैसा देशाच्या हिताशी जुळत नाही, असे कारण देण्यात आले. कित्येक देशांतली कामे अर्ध्यावर थांबली.

आता कोणी म्हणेल, आपल्याला काय त्याचं? आपल्याला आहे. कारण हा पैसा आपल्या महाराष्ट्राच्या पाच जिल्ह्यांतही येऊन गेला आहे. शिवाय वस्तीवस्तीत कुठली ना कुठली संस्था प्रकल्प घेऊन येते, बोर्ड लागतो, दोन-तीन वर्षे काम चालते, मग बोर्ड उतरतो. तो बोर्ड उतरल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. म्हणून या पैशाचा इतिहास जरा सवडीने पाहू.

सुरुवात १९१९ पासून

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली व्हर्सायच्या तहातून आंतरराष्ट्रीय श्रम संघटना जन्माला आली. आय.एल.ओ. या नावाने आपली युनियनची मंडळी तिला ओळखतात. भारत तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता, तरी संघटनेच्या पहिल्या सभासदांत त्याचे नाव आहे. या संघटनेची रचना मोठी वेगळी. तिथे सरकार, मालक आणि कामगार असे तिघेही एका सभागृहात बसतात, आणि कामगारांच्या प्रतिनिधीला स्वतःचे मत असते.

पहिली परिषद ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरली. भारतीय कामगारांच्या वतीने मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे ना. म. जोशी गेले. माणूस तळमळीचा, कामगारांत वावरलेला. पण त्यांना पाठवले होते सरकारने. कामगारांचा प्रतिनिधी सरकारने का ठरवायचा, असा प्रश्न लगेच उभा राहिला. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली आणि लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष झाले. ती स्थापन होण्यामागे जी कारणे होती त्यांतले एक मोठे कारण हेच की, जगाच्या सभेत जाणारा आपला माणूस आपणच निवडला पाहिजे. म्हणजे बाहेरच्या संघटनेने एक खुर्ची ठेवली, आणि त्या खुर्चीवर हक्काने बसण्यासाठी इथल्या कामगारांनी देशभराची संघटना बांधली.

त्याच वॉशिंग्टनच्या परिषदेत दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास कामाचा ठराव झाला. पण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी त्यात वेगळे कलम घातले गेले. ठरावाचा नियम ४८ तासांचा, आणि हिंदुस्थानच्या कामगाराला ६० तास! त्याप्रमाणे १९२२ च्या कारखाना कायद्यात आठवड्याचे ६० तास आले. १९३४ च्या कायद्याने ते बारमाही कारखान्यांसाठी ५४ केले. ४८ व्हायला १९४६ साल उजाडावे लागले. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक त्यांच्या खात्याचे. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषदही १९४२ पासून त्यांच्याच काळात दिल्लीत भरू लागली. ती आय.एल.ओ.च्याच धर्तीवर होती.

वॉशिंग्टनचा ठराव आणि आपला ४८ तासांचा कायदा यांत २७ वर्षे गेली. त्या काळात आपल्याकडे कामाचे तास कमी करायला कोणी परदेशी अनुदान पाठवलेले नव्हते. एक जागतिक मोजपट्टी होती, देशात कामगारांचा रेटा होता, आणि अखेर खात्याच्या खुर्चीवर कामगारांच्या बाजूचा माणूस बसला होता. हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

वर्गणी वेगळी, अनुदान वेगळे

आय.एल.ओ.चा नेहमीचा खर्च सभासद देशांच्या वर्गणीतून चालतो. ज्याची ऐपत मोठी त्याची वर्गणी मोठी. त्यातून कचेरी चालते, परिषदा भरतात, ठराव होतात. पण एखाद्या देशात प्रत्यक्ष उतरून शाळा काढायच्या, तपासनीस शिकवायचे, युनियनच्या कार्यकर्त्यांना कायदा समजावून द्यायचा, तर ही वर्गणी पुरत नाही. त्यासाठी श्रीमंत देशांची सरकारे वेगळा पैसा देतात. तो एका ठराविक कामासाठी, ठराविक मुदतीसाठी असतो. मुदत संपली की काम संपले.

आणि देणारा रुसला की काय होते, हे जगाने पूर्वीही पाहिले होते. नोव्हेंबर १९७७ मध्ये राजकीय मतभेदावरून अमेरिका आय.एल.ओ.तून बाहेर पडली. संघटनेच्या वर्गणीत तिचा वाटा एक चतुर्थांश होता. जिनिव्हाच्या कचेरीला खर्चाला कात्री लावावी लागली, माणसे कमी करावी लागली. १९८० मध्ये अमेरिका परत आली. पण ज्याच्या हातात थैली, त्याच्या मर्जीवर काम, हे सगळ्यांना कळून चुकले.

याहून वाईट अनुभवही आहे. शीतयुद्धाच्या काळात कामगारांच्या मदतीच्या नावाखाली भलतेच उद्योग झाले. दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानात १९६३ मध्ये ८० दिवसांचा संप झाला. तिथे डॉ. छेदी जगन यांचे निवडून आलेले सरकार होते. जगन यांचे घराणे आपल्या देशातून उसाच्या मळ्यावर गेलेल्या मजुरांचे. त्या संपाला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा पैसा युनियनच्या मार्गाने पुरवला गेला होता, हे पुढे उघड झाले. संपकऱ्यांच्या हातात रोज भत्ता पडत होता, पण तो कशासाठी येतो हे त्यांच्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल? म्हणून कामगारांसाठी आलेला प्रत्येक पैसा कामगारांच्या भल्याचाच असतो, असे धरून चालता येत नाही.

मात्र सगळेच तसे होते असेही नाही. १९९२ मध्ये जर्मन सरकारने पाच वर्षांसाठी ५ कोटी मार्क दिले आणि आय.एल.ओ.ने बालमजुरी हटवण्याचा मोठा कार्यक्रम सुरू केला. त्यात पहिले सहा देश होते: ब्राझील, भारत, इंडोनेशिया, केनिया, थायलंड आणि तुर्कस्तान. १९९५ पासून अमेरिकेचे श्रमखातेही त्यात पैसा घालू लागले आणि थोड्याच वर्षांत ते सर्वांत मोठे देणगीदार झाले.

अमेरिकेने हे निव्वळ दयेपोटी केले का? नाही. तिथल्या युनियनचे म्हणणे असे की, बाहेर लहान मुलांकडून आणि उपाशी मजुरांकडून स्वस्तात माल बनवून इथे आणला तर आमच्या नोकऱ्या जातात. दुकानात जाणाऱ्या गिऱ्हाइकांनाही आपल्या अंगावरचा शर्ट दहा वर्षांच्या मुलीने शिवला हे रुचत नव्हते. स्वार्थ आणि सद्भावना दोन्ही त्यात कालवलेल्या होत्या. देणाऱ्याचे मन तपासत बसण्यात फारसा अर्थ नाही. त्या पैशाने घेणाऱ्याच्या घरी काय झाले ते तपासावे.

ढाक्याची मुले

बांगलादेशात तयार कपड्यांचे कारखाने १९८० नंतर भराभर वाढले. त्यात लहान मुले, विशेषतः मुली, धागे कापायला, गुंड्या लावायला, मालाची ने-आण करायला असत. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये टॉम हार्किन यांनी विधेयक आणले की, बालकामगारांनी बनवलेला माल देशात येऊ द्यायचा नाही. ते विधेयक काही मंजूर झाले नाही. पण नुसत्या धसक्याने ढाक्याच्या मालकांनी मुलांना कामावरून काढायला सुरुवात केली. युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ५० हजार मुले रस्त्यावर आली.

ती शाळेत गेली का? कुठली शाळा? घरी खायला नव्हते म्हणूनच ती कारखान्यात आली होती. काहीजण खडी फोडायला गेली, काही रस्त्यावर काहीबाही विकू लागली, काही मुलींच्या वाट्याला त्याहून वाईट धंदा आला. हक्काच्या नावाने पाऊल उचलले गेले आणि त्या पावलाखाली पोरेच चिरडली गेली. कारण ते उचलण्याआधी त्या मुलांना आणि त्यांच्या आयांना कोणी विचारले नव्हते.

मग ४ जुलै १९९५ रोजी तिथली मालकांची संघटना, आय.एल.ओ. आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. आता मुलाला काढायचे तर आधी त्याच्यासाठी शाळेची सोय झाली पाहिजे. शाळेत जाणाऱ्या मुलाला महिना ३०० टका विद्यावेतन. शक्य असेल तिथे मुलाच्या जागी घरातल्याच मोठ्या माणसाला काम. ३०० टक्यांनी मुलाच्या पगाराची पूर्ण भरपाई होत नव्हती. ज्यांना आधीच हाकलले गेले होते त्यातली बरीच मुले परत सापडलीही नाहीत. तरी जी सापडली त्या हजारो मुलांच्या हातात पाटी-पुस्तक आले. हे अनुदानाच्या पैशाने झाले, आणि ते मान्य केले पाहिजे.

पण मुले गेली, तरी कारखाना तोच राहिला. त्यात आता मोठ्या बायका होत्या, आणि त्यांची युनियन होऊ दिली जात नव्हती. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक कामगार मेले. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद झाली. वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र आत पाठवले गेले. त्यातल्या काही कारखान्यांची खाजगी तपासणी आधी होऊन गेलेली होती, कागद तयार होते. बँकेचा कारकून घरी राहू शकला आणि शिलाई कामगार राहू शकली नाही. ‘आम्ही आत जाणार नाही’ असे सगळ्यांच्या वतीने म्हणणारे तिथे कोणी नव्हते.

या दुर्घटनेनंतर पुन्हा पैसा आला. कॅनडा, नेदरलँड्स आणि ब्रिटन या सरकारांनी आय.एल.ओ.च्या मार्फत तपासणीसाठी आणि सरकारी खात्याच्या सुधारणेसाठी अनुदान दिले. मृतांच्या वारसांसाठी आणि जखमींसाठी ३ कोटी डॉलरचा निधी जमायला जून २०१५ पर्यंत वेळ लागला. पण जास्त परिणाम झाला तो मे २०१३ च्या करारामुळे. परदेशी कपडे कंपन्या आणि कामगार संघटना यांनी मिळून तो केला आणि तो कायद्याने बंधनकारक होता. खर्च कंपन्यांनी उचलायचा, आणि देखरेखीच्या समितीत कामगारांच्या संघटनांना बरोबरीची जागा. इथे पैसा मेहेरबानीने आला नव्हता, सही करून बांधून घेतलेला होता.

कंबोडियाचा धडा

कंबोडियाची हकीकत याहून बोधप्रद आहे. वर्षानुवर्षांच्या यादवीने आणि पोल पॉटच्या राजवटीने तो देश होरपळून निघाला होता. १९९० नंतर तिथे कपड्यांचे कारखाने निघाले. खेड्यातल्या तरुण मुली राजधानी नॉम पेन्हला येत, एका खोलीत चार-सहाजणी राहत आणि घरी पैसे पाठवत. मुंबईत गिरणीसाठी आलेल्या आपल्या वाडवडिलांची खोली आठवावी, तशीच.

जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेने कंबोडियाशी कपड्यांचा व्यापारी करार केला. त्या वेळी कोणत्या देशाने अमेरिकेत किती कपडे पाठवायचे याचा कोटा असे. करारात एक नवी अट होती. कारखान्यांतली कामाची स्थिती सुधारली, कामगार कायदा पाळला गेला, तर दर वर्षी जादा कोटा मिळेल. पण सुधारली की नाही हे ठरवायचे कोणी? सरकारी इन्स्पेक्टरवर कोणाचा भरवसा नव्हता. म्हणून २००१ पासून आय.एल.ओ.ने स्वतः तपासनीस नेमले. तीन वर्षांचा खर्च १४ लाख डॉलर. त्यातले १० लाख अमेरिकेचे, २ लाख कंबोडियाच्या सरकारचे आणि २ लाख मालक संघटनेचे.

तपासनीस न कळवता कारखान्यात जात. ओव्हरटाईमचा पैसा मिळतो का, संडास आहेत का, आग लागली तर दारे उघडतात का, युनियन करणाऱ्याला काढतात का, हे सारे विचारत. कामगारांशी मालकाच्या नजरेआड बोलत. सुधारायला मुदत देत, आणि मुदतीत सुधारणा झाली नाही तर कारखान्याचे नाव अहवालात छापत. नाव छापले जाईल या भीतीने आणि जादा कोट्याच्या आशेने मालक हलले. अनुदानाचा पैसा थोडा होता, पण तो योग्य जागी लावलेल्या पहारीसारखा चालला.

अमेरिकेच्याच अनुदानातून २००३ मध्ये तिथे लवाद परिषद उभी राहिली. तिच्यात काही लवाद युनियनने निवडलेले, काही मालकांनी आणि काही सरकारने. तिचा निवाडा प्रत्येक वेळी बंधनकारक होत नसे. तरीही तिच्या निःपक्षपणाचे नाव झाले. लाच न देता आपले म्हणणे ऐकून घेणारी जागा त्या मुलींना पहिल्यांदा मिळाली.

मग कोट्याची पद्धतच ३१ डिसेंबर २००४ ला जगभर संपली. तपासणी चालू राहिली, कारण चांगले नाव मालकांनाही विकायला उपयोगी होते. पण काही काळाने कारखान्यांची नावे छापणे बंद झाले, ते पुन्हा सुरू व्हायला २०१४ साल यावे लागले. मधल्या काळात कागदोपत्री बरेच ठीक दिसत होते. आणि २०११ च्या सुमारास शेकडो मुली काम करता करता चक्कर येऊन पडू लागल्या. अपुरे खाणे, उकाडा, लांबलेला ओव्हरटाईम अशी कारणे पुढे आली. संडास मोजता येतात, दारे मोजता येतात. पोट भरेल एवढा पगार आहे का, हा रकाना तपासणीच्या कागदात नव्हता. कायद्यातला किमान पगार मिळतो का, एवढेच तो कागद विचारी. आणि तो किमान पगार २००० साली महिना ४५ डॉलर होता, २००७ मध्ये ५० आणि २०१० मध्ये ६१.

पगाराचा प्रश्न युनियननेच उचलला, आणि त्याची किंमतही मोजली. स्वतंत्र युनियनचे पुढारी चिया विचिया यांना २२ जानेवारी २००४ रोजी सकाळी वर्तमानपत्राच्या टपरीपाशी गोळ्या घालून मारले गेले. पुढे त्याच युनियनचे आणखी दोन कार्यकर्ते मारले गेले. डिसेंबर २०१३ मध्ये १६० डॉलरच्या मागणीसाठी हजारो कामगार रस्त्यावर उतरले. ३ जानेवारी २०१४ रोजी नॉम पेन्हच्या रस्त्यावर गोळीबार झाला आणि किमान चार कामगार ठार झाले. मागणी पुरी मान्य झाली नाही. पण २०१३ मध्ये ८० डॉलर असलेला किमान पगार २०१४ मध्ये १०० आणि २०१५ मध्ये १२८ झाला. आधीच्या दहा वर्षांत जेवढ्या डॉलरची वाढ झाली नव्हती तेवढी दोन वर्षांत झाली.

म्हणजे अनुदान वाया गेले का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. तपासनीस फिरत होते म्हणूनच युनियनला उघडपणे उभे राहायला थोडी जागा मिळाली. लवाद परिषदेत आपला माणूस बसतो, हे पाहून मुलींना धीर आला. पैशाने जागा करून दिली, ती वापरली कामगारांनी. आणि जेव्हा २०१६ मध्ये कंबोडियात युनियनवर बंधने घालणारा कायदा आला, तेव्हा लवाद परिषदेकडे येणारे तंटेही एकदम घटले. परिषद होती, लवाद होते, टेबल-खुर्च्या होत्या. तंटा घेऊन येणारी युनियन मात्र अडवली गेली होती. परक्याच्या पैशाने उभ्या केलेल्या घरात माणसं राहायला लागतात, नाहीतर ते नुसतं बांधकाम.

आपल्याकडे काय झाले

आता आपल्या घराकडे येऊ. भारत आणि अमेरिका यांच्या श्रमखात्यांनी २००० साली बालमजुरीविरुद्ध एक संयुक्त प्रकल्प जाहीर केला. त्याचे नाव इंडस. खर्च ४ कोटी डॉलर, निम्मा त्यांचा, निम्मा आपला. प्रत्यक्ष काम २००४ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रातले पाच जिल्हे त्यात होते: अमरावती, जालना, गोंदिया, मुंबई उपनगर आणि तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. विडी, वीटभट्टी, दगडखाण, फटाके, चपला-बूट अशा दहा धोक्याच्या धंद्यांतून देशभरातली ८० हजार मुले बाहेर काढायची, असे उद्दिष्ट होते.

मधल्या वयाच्या मुलांसाठी खास वर्ग निघाले, म्हणजे मागे पडलेले शिक्षण भरून काढून त्यांना नेहमीच्या शाळेत बसवायचे. त्याहून लहान मुलांना थेट शाळेत घालायचे, मोठ्यांना हाताला काम शिकवायचे, आयांचे बचत गट करायचे. आराखडा ढाक्याच्या अनुभवाने शहाणा झालेला होता. मार्च २००९ मध्ये प्रकल्प संपला. आपल्या सरकारची १९८८ पासूनची बालकामगारांच्या खास शाळांची योजना होतीच, ती पुढे चालली आणि २०२१ मध्ये समग्र शिक्षा अभियानात मिसळून गेली.

ज्या पोराने त्या वर्गात बाराखडी गिरवली त्याच्याकडून ती कोणी काढून घेऊ शकत नाही. हा त्या पैशाचा खरा लाभ. पण विडी वळणाऱ्या आईला हजार विड्यांमागे काय मिळावे, ठेकेदाराने खराब म्हणून किती विड्या बाजूला टाकाव्यात, हे ठरवणे कुठल्याही प्रकल्पाच्या हातात नव्हते. ते किमान वेतनाच्या कायद्याचे आणि युनियनचे काम. आईचा दर वाढला नाही तर पोराची शाळा किती दिवस टिकणार?

विडी कामगारांसाठी आपल्या देशाने एक वेगळी वाट १९७६ मध्ये काढली होती. विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला. त्यातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्ती, घरबांधणीला मदत. हा पैसा वॉशिंग्टनहून येत नव्हता, विकल्या जाणाऱ्या विडीतूनच येत होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. योजनांना सरकारी अंदाजपत्रकातून तरतूद राहिली, पण कायद्याने बांधलेला खास झरा गेला. त्यावर देशात किती गलबला झाला? फारसा नाही. अमेरिकेचे अनुदान बंद झाल्याची बातमी जगभर गाजली. आपल्या घरचा निधी आटला ते पुष्कळांना कळलेही नाही.

याच्या उलट उदाहरण माथाडी कामगारांचे आहे. मुंबईच्या बंदरात, बाजारात, रेल्वेच्या धक्क्यावर पाठीवर ओझी वाहणारा हा माणूस. त्याला मालक नव्हता, हजेरीपुस्तक नव्हते, म्हातारपणी काही नव्हते. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. ज्याचा माल उचलायचा त्याने मजुरीबरोबर ठराविक लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघेही. त्यातही उणिवा आहेत, तक्रारी आहेत. पण त्या पैशाला कोणी अनुदान म्हणत नाही. तो हमालाच्या घामातून निघालेला आणि कायद्याने त्याच्याच नावावर जमा होणारा पैसा आहे. तो बंद करायचा कोणी विचार केला तर हजारो माणसे रस्त्यावर येतील हे प्रत्येक सरकारला ठाऊक असते. विडी वळणारी बाई घरोघर एकटी बसलेली आहे, माथाडी टोळीने उभा आहे. दोन्ही निधी कायद्यानेच झाले होते, फरक पडला तो इथे.

हिशेब

बालमजुरीचे जागतिक आकडे पाहिले तर २००० साली जगात २४ कोटी ६० लाख बालकामगार होते. २०२४ चा अंदाज १३ कोटी ८० लाखांचा आहे. हे सगळे श्रेय अनुदानाला देता येणार नाही. देशोदेशीच्या सरकारांनी शाळा काढल्या, कायदे केले, आईबापांनी पोटाला चिमटा काढून मुले शिकवली. पण अनुदानाचाही त्यात वाटा आहे. म्हणून २०२५ मध्ये पैसा थांबला याचा आनंद मानण्यासारखे काही नाही. ज्या मुलीचा वर्ग मध्येच बंद पडला तिचे नुकसान झालेच आहे.

फक्त एवढेच की, परक्याच्या पैशावर हक्क उभा करता येतो, पण पिढ्यान् पिढ्या चालवता येत नाही. ज्याने पैसा दिला त्याचे सरकार बदलते, त्याचे मन बदलते. वॉशिंग्टनच्या ठरावाची मोजपट्टी आपल्या कामगारांनी हातात घेतली, ढाक्यात करारावर युनियनची सही आली, कंबोडियात मुली रस्त्यावर उतरल्या. तिथे तिथे बाहेरून आलेल्या मदतीतून काहीतरी मागे उरले.

आपल्या वस्तीत आज गिरणी कामगार उरला नाही. त्याची नातवंडे कंत्राटी सफाई कामगार आहेत, सिक्युरिटीत आहेत, मोटारसायकलवरून घरोघर पार्सल पोचवतात, मॉलमध्ये बारा-बारा तास उभी राहतात. त्यांच्यासाठी कोणी प्रकल्प घेऊन आले तर त्यांना दारातून परत पाठवू नये. बसवावे, पाणी द्यावे, आणि विचारावे: हा पैसा कोणाचा, किती वर्षांचा, कमिटीवर आमच्यातले किती जण, आणि तो संपल्यावर आमच्या पोरांची युनियन, त्यांची भविष्यनिर्वाह निधीची नोंद, त्यांच्या पगाराची पावती यातले काय मागे राहील? याची उत्तरे समाधानकारक असतील तर जरूर हात द्यावा. नसतील तर दहा-वीस रुपयांची वर्गणी काढून, कायद्याचे पुस्तक उघडून, आपल्या पोरांना एकत्र बसवण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल. त्या कामाला मुदत नसते, आणि ते बंद करण्याचा आदेश दुसऱ्या देशातून निघू शकत नाही.